५१२, एक नग

हॉलचं उद्घाटन शनिवारी झालं, असं पाटीवर कोरलंय.
काळा ग्रॅनाइट, सोनेरी नावं, अठरा.
माझ्या हिशेबानं ते गुरुवारी झालं,
दुपारी सव्वातीनला,
आणि फीत नव्हती.

मी फिजिक्सच्या लॅबमध्ये असतो.
एकतीस वर्षं पोरांच्या हातात नादकाटे देतोय,
मोजून परत घेतोय.
दोनशे छप्पन, तीनशे वीस, तीनशे चौऱ्याऐंशी, पाचशे बारा.
रबरावर मारा रे, टेबलावर नको.
संगीतातलं माझं काम एवढंच.

भरूचासाहेब जिना चढून आले, धापा टाकत.
हॉलच्या आवाजाचे इंजिनियर, पंच्याहत्तरी उलटलेली.
म्हणाले, पाचशे बाराचा काटा दे,
आनि मानसं पायजेत मला, साठ-सत्तर. कोन पन चालेल.
रिकामा हॉल खोटं बोलतो, बाबा.
लाकडाचा हिशेब कागदावर जमतो, खुर्चीच्या कापडाचा जमतो,
मानसाचा नाय जमत.
मानूस आवाज पितो.

पोरांची परीक्षा चालू. मग आम्हीच गेलो.
कँटीनमधले दोघे भाऊ, हाताला डोशाचं पीठ.
सफाईच्या यल्लव्वा आणि त्यांच्या चौघी.
गेटवरचा तिवारी. लायब्ररीतल्या पिंटो मॅडम.
फरशी घासणारे, भुवयांपर्यंत पांढरे,
त्यांनी नव्या खुर्च्यांवर आधी पेपर पसरला.
साहेब ओरडले, कागद काढा! कागद वाजतो!
मग ते बसले,
पाठ न टेकवता.

दार लागलं.
काहीतरी चुकत होतं, काय ते कळेना.
मग कळलं. विमान.
कुर्ल्यात आमच्या डोक्यावरून दर तीन मिनिटांना विमान उतरतं.
सर वाक्य तोडून थांबतात, खडू हवेत,
विमान गेलं की क्रियापद येतं.
एकतीस वर्षांत या आवारात
मी सलग असं काही ऐकलंच नव्हतं.
यल्लव्वांचा श्वास ऐकू आला.
त्यांना दमा आहे, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी फुगा फोडला, वहीत आकडा लिहिला.
मग मला वर बोलावलं.
मी काटा रबरावर मारला
आणि दांडी स्टेजच्या लाकडावर टेकवली.
लॅबमध्ये तो कानाशी धरावा लागतो.
इथे शेवटच्या रांगेतून
तिवारीनं हात वर केला.

आता कोनीतरी बोला, साहेब म्हणाले.
सगळे चपलांकडे बघायला लागले.
पिंटो मॅडम उठल्या, चष्मा सारखा केला,
आणि सवयीनं, अगदी हळू, म्हणाल्या,
शांतता राखा.
प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच सांगितलं.

हसलो आम्ही. कँटीनचा धाकटा तर खुर्चीतून घसरला.
पुसणारे, वाढणारे, राखणारे, सगळे एकदम हसलो
आणि एकदम थांबलो,
कारण साहेबांनी बोट वर केलं होतं, नजर घड्याळावर.
हसू वर गेलं, छताच्या पट्ट्यांमधून फिरलं,
परत खाली आलं, आमच्या अंगांत जिरलं.
एक पूर्णांक सहा, साहेब म्हणाले.
असाच पायजे होता.

शनिवारी पास होते, तीन रंगांचे.
मला पार्किंग दिलं होतं.
कुणाचा तरी फोन वाजला, तो माणूस बाहेर आला,
दाराच्या फटीतून सरोदचा एक तुकडा सुटला
आणि वरून विमान गेलं.
कसा वाटला हॉल, तिवारीनं विचारलं.
त्याला म्हटलं, आपण बसलो होतो तसाच असणार.

रजिस्टरमध्ये गुरुवारची नोंद आहे:
नादकाटा, ५१२, एक नग, बाहेर.
परतीचा रकाना कोरा.
काटा माझ्या खिशात आहे, किल्ल्यांना लागून कधीमधी गुणगुणतो.
स्टॉकची तपासणी जूनमध्ये असते.
तेव्हा बघू.